डोंगराकडची खिडकी

"औषध आहे की नाही, तेवढं सांगा," वेसेल म्हणाला. "बाकी बोलायला मला वेळ नाही."

याकूबबाबांनी त्याला चटई दाखवली.

वेसेल उभाच राहिला. हॉलंड सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप टाऊनला आलेला आणि बांधकामात नाव काढलेला माणूस तो. एका सुटलेल्या गुलामाच्या दारात औषध मागायला यायचं, हेच त्याला जड गेलं होतं. पण बायकोचा खोकला डॉक्टरांना हटत नव्हता, आणि त्याचे गवंडी उठता-बसता बाबांचं नाव घ्यायचे. शेवटी आला बापडा.

बाबा मूळचे कोकणातले, हर्णैचे. तरुणपणी जहाजात कोंबून आणून इथे विकलेले. आता म्हातारे झाले होते, मोकळे होते, आणि घराच्या पुढच्या खोलीत वस्तीची नमाज पढवत होते. डच भाषा फाडफाड बोलायचे, पण हेल कोकणातलाच.

"बाई दिवसभर बसतात कुठे?" बाबांनी विचारलं.

"घराच्या मागे. बाहेर खुर्ची टाकून, भिंतीला पाठ लावून."

"ह्या गारठ्यात?"

"तिथे ऊन असतं."

"आणि घरात?"

वेसेल दाराच्या चौकटीवरून बोट फिरवू लागला.

घरात ऊन नव्हतं. कसं असणार? घराचा नकाशा त्याने जहाजावरच काढला होता, बायकोला, आलीदाला, शेजारी बसवून. तिला हवी तशी ऐसपैस बैठकीची खोली, आणि त्या खोलीला दक्षिणेकडे भलीमोठी खिडकी. हॉलंडात ऊन दक्षिणेकडूनच येतं. त्याच्या बापाने खिडक्या दक्षिणेला ठेवल्या, आज्यानेही ठेवल्या. त्यात विचार करण्यासारखं होतंच काय?

भिंती चढल्या त्या ऐन उन्हाळ्यात. सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर. एका गवंड्याने भीतभीत विचारलं होतं, मालक, खिडकी ह्या बाजूला? वेसेलने त्याला असं झापलं, की पुन्हा कोणी तोंड उघडलं नाही.

मग हिवाळा आला आणि सूर्य उत्तरेला कलला. पृथ्वीच्या ह्या अंगाला तो तिकडूनच जातो. उत्तरेला वेसेलच्या घराची मागची भिंत, सगळीच्या सगळी कोरी. सारं ऊन तिच्यावर पडून वाया जायचं, आणि आलीदाची खोली नुसती गारठलेली.

लोक विचारायला लागले. वेसेलने वेळ मारून नेली. म्हणाला, खिडकीतून डोंगर दिसावा म्हणून तशी ठेवली आहे. दक्षिणेला डोंगर होताच. लोकांनी वा वा केली. एका व्यापाऱ्याने तसलीच खिडकी मागितली, तेव्हा मात्र वेसेलने काहीबाही सांगून त्याला परतवलं. एवढी लाज त्याच्यात शिल्लक होती.

आलीदा कधी काही बोलली नाही. ती खोकायची, आणि खुर्ची उचलून मागे जायची. काल रात्री जेवताना मात्र तिने सरळ सांगितलं, थंडी सरल्यावर जे पहिलं जहाज निघेल, त्याने मी हॉलंडला माझ्या आईकडे जाणार. ह्या घरात आणखी एक हिवाळा मी काढणार नाही. तू ये किंवा येऊ नकोस.

हे सगळं तो बाबांना थोडंच सांगणार? त्याने नजर फिरवली. आणि बांधकामाचा माणूस म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. त्याला भिंतीतली खोट दिसली.

"इथे मेहराबी दोन कशा?" त्याने विचारलं. हा शब्द त्याने गवंड्यांकडून ऐकला होता.

मेहराब म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा. तो एकच असतो. इथे उत्तरेच्या भिंतीत एक होता, स्वच्छ चुना लावलेला. पश्चिमेच्या भिंतीत दुसरा, जुना, चांगल्या घडणीचा. त्यात पाण्याचा माठ ठेवला होता.

"कोकणातून मक्का पश्चिमेला," बाबा म्हणाले. "इथे आलो, तरी मी पश्चिमेलाच तोंड करून उभा राहत होतो. माझ्यामागे सगळी वस्ती."

"किती दिवस?"

"दिवस कसले? वर्षं."

"मग?"

"एक अरब खलाशी आला. आमच्यात उभा राहिला, आणि तोंड केलं उत्तरेला. मी त्याच्याशी दुपारभर भांडलो... त्याचं बरोबर होतं."

वेसेल चटईवर बसला. आपण बसलो हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

"मग काय केलंत?"

"पहार आणली. ती उत्तरेची भिंत फोडली."

"गुपचूप?"

"शुक्रवारी. सगळे जमले तेव्हा."

बाहेर गल्लीतून एक गाडी खडखडत गेली.

"पण ही जुनी का ठेवलीत?" वेसेल म्हणाला. त्याचा आवाज एकाएकी चढला. "बुजवायची होती. वर गिलावा मारला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. सांगा, मी आत्ता माणूस पाठवतो."

"मग माठ कुठे ठेवू?"

"बाबा," वेसेल म्हणाला. बाबा हा शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारला. "माझ्या घराची खिडकी चुकीच्या बाजूला आहे."

हे त्याने आजवर बायकोपुढेही म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं आणि हलकंही वाटलं.

बाबांनी मान डोलावली. आश्चर्य वाटल्यासारखं काही केलं नाही.

"उत्तरेची भिंत फोडायला दोन माणसं पुरतील," वेसेल स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "चौकट माझ्याकडे पडून आहे. आठवड्यात ऊन आत येईल." मग तो थांबला. "पण सगळा गाव बघेल. मग ती डोंगराकडची खिडकी कशाला होती म्हणून विचारेल."

"विचारेल."

"तुम्हाला विचारतात?"

"नवीन येणारा प्रत्येक माणूस विचारतो."

"आणि तुम्ही काय सांगता?"

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. जुन्या मेहराबीपाशी गेले, माठातून पेलाभर पाणी काढलं आणि वेसेलच्या हातात दिलं. पाणी छान गार होतं.

"मी त्यांना पाणी देतो."