सातनळची दगडांची रांग

सोलापुरात जुन्या गिरणीच्या जागेवर आता मॉल उभा आहे. त्याच्या मागच्या पार्किंगमध्ये भिंतीलगत अकरा दगड ओळीने मांडलेले आहेत. त्यातली एक अर्धी वीट आहे, एक जात्याची फुटकी तळी, एक नुसता फरशीचा तुकडा, आणि सगळ्यांत शेवटी एक वरवंटा. गाडी लावणारे वैतागून ते बाजूला सारायला जातात. मग तिथले म्हातारे रखवालदार येमुलमामा हात आडवा करतात आणि म्हणतात, राहू द्या, रांग आहे ती. कसली रांग, असं विचारलं की मामा खुर्ची ओढून बसतात.

इथे गिरणीला लागून म्हणे सातनळ चाळ होती. नाव सातनळ, पण नळ एकच. बाकीचे सहा बांधणाऱ्याच्या मनातच राहिले. एकशे बेचाळीस खोल्यांना त्या एका नळाचं पाणी. पुरुष गिरणीत, बाया विडी कारखान्यात, मग रांगेत उभं राहणार कोण? म्हणून ज्याने त्याने आपला दगड रांगेत ठेवायचा आणि कामाला जायचं. दगड आहे म्हणजे माणूस आहे, असा तिथला कायदा. घरात बाळंतपण असो की मयत, दगडाचा नंबर कधी कुणी मोडला नाही, असं सांगतात.

ही रांग राखायची भागव्वा. नवरा गिरणीच्या पट्ट्यात सापडून गेला, तेव्हापासून ती नळाजवळच्या ओट्यावर बसून विड्या वळायची. कुठला दगड कुणाचा, हे तिला तोंडपाठ. बाई मोठी खाष्ट. मध्ये घुसणाऱ्याची भरलेली घागर सरळ उपडी करायची. तिचा स्वतःचा दगड मात्र रांगेत नव्हता. राखणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी पाणी घ्यायचं, हे तिचं तिनेच ठरवलं होतं.

मग चाळ पाडायचं ठरलं. नोटीस लागली: अमुक तारखेला सकाळी दहा वाजता जे रांगेत हजर राहतील, त्यांचीच नावं लिहून घेतली जातील, त्यांनाच बदली घर मिळेल. चाळीला यात काही अवघड वाटलं नाही. रांग लावणं तर रोजचंच. तरी एका तरण्या विणकराला राहवलं नाही.

"आक्का, खाडा करून थांबू का?"

"कशाला रे? मी हाय की बसून. तुजा दगड काय पळून जातोय व्हय?"

दहाला कारकून आला. समोर एकशे एक्केचाळीस दगड आणि एक बाई. भागव्वाने पहिल्या दगडापासून नावं सांगायला घेतली. चिट्याल, गाजुल, कांबळे, शेख, बिराजदार. शेवटापर्यंत गेली, एकही नाव चुकलं नाही. कारकुनाने पेन उघडलंच नव्हतं.

"आजी, दगडांच्या सह्या कशा घेऊ? माणसं बोलवा."

"कामावर हाईत. दोनच्या भोंग्याला येतील."

"मला बारापर्यंतच थांबायचंय. तुमचं तरी नाव सांगा, तेवढं लिहितो."

"माजा नंबर शेवटचा हाय. आदी ह्येंची लिवा."

तो बारापर्यंत थांबला, हे मामा आवर्जून सांगतात. मग 'कोणी हजर नाही' असं लिहून निघून गेला. गिरणीचं फाटक हाकेच्या अंतरावर होतं. पण भागव्वा रांग सोडून कधी उठली नव्हती, ती त्या दिवशीही उठली नाही.

दोनच्या भोंग्याला माणसं आली. तिने घडलं ते सांगितलं. कुणी ओरडलं नाही, कुणी तिला बोल लावला नाही. तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि लोक नंबराप्रमाणे घागरी भरू लागले. कुणी एखादी शिवी तरी द्यावी, म्हणून ती म्हणे एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला रडूही आलं नाही. आपण काय करून बसलो हे तिला कळत होतं, पण आत कुठे लागत नव्हतं.

अर्ज झाले, खेटे झाले. चाळ पडली ती पडलीच. माणसं माळावरच्या पत्र्यांखाली पांगली. जाताना कुणी आपला दगड उचलला नाही, कारण दगड उचलला म्हणजे नंबर सोडला. भागव्वाने मात्र घरातला वरवंटा आणला आणि जन्मात पहिल्यांदा रांगेत ठेवला, सगळ्यांच्या मागे. बांधकामवाल्यांनी ते दगड दोनदा फेकून दिले, लोकांनी दोनदा परत लावले. शेवटी भिंतच थोडी मागे घेतली, असं म्हणतात.

आजही सातनळचं कुणी गेलं की तेराव्यानंतर घरचे येतात, त्याचा दगड उचलून नेतात आणि मागचे दगड एकेक पाऊल पुढे सरकवतात. पुढे नळ नाही, कोरी भिंत आहे. भागव्वाला जाऊन बावीस वर्षं झाली. रीतीप्रमाणे तिचा वरवंटा तेव्हाच निघायला हवा होता. पण सगळ्यांचं झाल्याशिवाय तिचा नंबर येत नाही, म्हणून तो उचलत नाहीत, नुसता पुढे सरकवतात.

खाडा करू का म्हणून विचारणारा तो विणकर कोण, हे मामा सांगत नाहीत. वरवंट्याच्या लगेच पुढची अर्धी वीट त्यांची आहे. आपल्यामागे वरवंटा कोण सरकवणार, हे त्यांनी अजून कुणाला विचारलेलं नाही.