दाराआडच्या खोट्या गाठी

एका घाटाखाली एक गाव होते. घाट उतरून थकलेले प्रवासी तिथे मुक्काम करत. एकच लांब रस्ता, त्यावर साऱ्या खाणावळी. कुठे काय मिळते, हे वेशीवर बसणारा आंधळा म्हातारा वाटाड्या सांगे.

त्याला दिसत नसे, म्हणून गावाने रीत पाडली होती. प्रत्येक खाणावळवाला दाराआड एक दोरी टांगी. भाकरीची गाठ वेगळी, कडब्याची वेगळी, दुधाची वेगळी; जिन्नस जास्त तर गाठी जास्त. म्हातारा रोज सकाळी दोऱ्या चाचपे आणि त्याप्रमाणे माणसे पाठवी. अट एकच. पाहुण्याला घरात जे दिसेल, तेवढेच दोरीवर बांधायचे.

रस्त्याच्या टोकाला एक खाणावळवाला होता. भाकरी त्याची चांगली, पण गिऱ्हाईक कमी. त्याने दोरीवर दुधाच्या गाठींची माळच बांधली.

बायको म्हणाली, "अहो, गोठ्यात साधा खुंटा नाही. दूध काय तुम्ही देणार?"

"गप बस. गाठी पाहुण्याला कुठं कळतात? त्या आंधळ्याच्या बोटांसाठी आहेत. माणूस एकदा दारात आला की जेवूनच जातो."

एके दिवशी तान्हे लेकरू घेऊन एक बाई वेशीवर आली. तापाने तिचे दूध आटले होते.

"बाबा, लेकरासाठी दूध कुठं मिळंल?"

"वाटेत शेळीवालीची खाणावळ आहे, तिच्याकडं थोडं आहे. पण टोकाच्या घरी भरपूर आहे, पोरी. तिकडंच जा."

शेळीवालीच्या दारातच शेळी बांधलेली होती. बाई तिच्यासमोरून पुढे गेली.

टोकाच्या घरी खाणावळवाला म्हणाला, "दूध आत्ताच संपलं. भाकरी वाढू?"

बाईने गोठ्यात पाहिले. तिथे जळण रचलेले होते.

"लाज नाही वाटत? या पोराला भाकरी चारू?"

ती उलट पावली धावली. लेकराचे रडणे थांबले होते. शेळीवालीने घाईने धार काढली, बोळ्याने थेंब थेंब पाजले. लेकरू वाचले. त्यात खाणावळवाल्याचे काही पुण्य नाही.

बाईकडून हे कळताच म्हातारा काठी टेकत टोकाच्या घरी आला आणि अख्खी दोरीच ओढून काढली.

"बाबा, दुधाच्या गाठी सोडा हवं तर! भाकरीची गाठ खरी आहे!"

"असंल. पण तुझी कुठली खरी, कुठली खोटी, हे माझ्या बोटांनी कसं ओळखायचं? तू माझ्या तोंडून त्या पोरीला फसवलंस."

"मग माझं घर उठवणार?"

"घर राहू दे तुझं. घर आहे, एवढं मी सांगेन."

तेव्हापासून म्हातारा प्रवाशांना सांगे, "पहिल्या घरी गरम भाकरी. पुढं शेळीचं दूध. त्यापुढं बैलांना कडबा."

"आणि टोकाला?"

"टोकाला एक घर आहे."

तात्पर्य: बघणाऱ्याला जे दाखवता येत नाही, ते वाट दाखवणाऱ्याला गुपचूप सांगू नये. असे खोटे सांगणाऱ्याचे खरेही मग कोणी पुढे सांगत नाही. इंटरनेटवर दुकान मांडणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावे. वेबपानावर वाचणाऱ्याला जे दिसत नाही, ते पानाआडच्या कोडमध्ये सर्च इंजिनसाठी लिहू नये.