भिंतीला टेकून बसा

चिपळूणच्या खातूंच्या घरात पुराचं पाणी असं शिरलं, की म्हणे मासे देवघराला प्रदक्षिणा घालून मगच बाहेर पडले. पाणी ओसरलं, पण भिंती ओल्याच राहिल्या. त्यात लेक पहिल्या बाळंतपणाला यायची होती. तान्हं बाळ अशा दमट खोलीत कसं ठेवायचं, या काळजीनं सुमतीकाकूंनी घर सुकवून देणाऱ्या दोन कंपन्यांना बोलावलं.

पहिल्या कंपनीचा माणूस म्हणाला, "काकू, गिलावा काढून भिंत सुकवावी लागेल. महिना जाईल."

दुसरे आले ते 'सुकवणसम्राट'चे मालक तात्यासाहेब, पांढऱ्याशुभ्र कडक कुडत्यात. भिंतीकडे लांबूनच बघत ते गरजले, "महिना कशाला? भिंत खडखडीत कोरडी आहे! आमचा रंग मारला, की उद्याच आणा बाळंतीण. तात्यासाहेबाचा शब्द आहे, शंका घ्यायची नाही!"

"छे हो, शंका कसली!" काकूंनी भिंतीलगत चटई अंथरली. "चहा टाकते. दमला असाल, टेकून बसा."

तात्यासाहेब बसले, पण छडी गिळल्यासारखे ताठ.

"टेका ना!"

"नको, सवय नाही."

चहा आला, संपला, तरी पाठ काही भिंतीला लागेना.

काकू हसल्या. "तात्यासाहेब, तुमच्या शब्दावर तुमच्या पाठीचाच विश्वास नाही. मग माझ्या लेकीला कुठल्या भरवशावर इथं झोपवू?"

तात्यासाहेब उठले ते थेट गाडीत जाऊन बसले.

काकूंनी लगोलग पहिल्याला फोन लावला. "या, उद्यापासून गिलावा फोडा. आणि कपडे जुनेच घाला हो, आमच्याकडे चहा भिंतीला टेकूनच प्यावा लागतो!"