गेनूनं मांडलेली हजेरी

"फोनवर कुठलंही माणूस येतं, मग आमचा दादा का येत नाही?"

गेनूनं हे सरपंचांना विचारलं. दुकानदाराला विचारलं. शेजारच्या सदूतात्याला तर दोनदा विचारलं. कुणी खाली बघितलं, कुणाला एकदम काम आठवलं.

डोंगराच्या पोटाशी एक वाडी होती, त्या वाडीत हा भोळा गेनू राहायचा. त्याचा थोरला भाऊ काशिनाथ वाडीच्या शाळेत मास्तर होता. आखाडात तापानं गेला. नवा मास्तर काही मिळेना. मग तालुक्याच्या कुलथे बाई फोनवरून शिकवू लागल्या. पोरं घरी बापाच्या फोनपुढे बसायची. पोरांना फोनवरच्या वर्गात घ्यायचं आणि हजेरी मांडायची, हे काम गेनूकडे आलं. गेनू चौथी नापास. पण शाळेचा फोन दादाच्या पेटीत होता आणि पेटीची किल्ली गेनूच्या गळ्यात.

वरून कागद आला होता. शाळा तपासायला तालुक्याचे साहेब शनिवारी येणार. एकवीसच्या एकवीस पोरं शाळेत डोळ्यांनी दिसली तर शाळा राहील. नाहीतर कुलूप, आणि पोरांनी ओढा ओलांडून दुसऱ्या गावाला जायचं.

"दादाची शाळा मी जाऊ देणार नाही," गेनू म्हणाला. म्हणाला आणि कामाला लागला.

सोमवारी बाई म्हणाल्या, "गेनू, किती गोंगाट रे! सुरुवात झाली की आधी सगळ्यांचे आवाज बंद करायचे."

"बरं बाई."

संध्याकाळी वाडीत लग्न होतं. भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं. गेनू उठला आणि त्यानं भटजींच्या तोंडावर हात ठेवला. मग नवरीच्या मामाच्या. मग वाजंत्रीवाल्याची सनई काढून घेतली. वऱ्हाडानं त्याला मांडवाबाहेर काढला.

लग्नातला प्रकार कळल्यावर बाई म्हणाल्या, "अरे वेड्या, असं नाही! ज्याला बोलायचंय त्यानं हात वर करायचा. मग त्याला बोलू द्यायचं."

"बरं बाई."

मंगळवारी सदूतात्या विहिरीत घसरला. दोन्ही हातांनी पायरीला लोंबकळत ओरडला, "गेन्या, दोर टाक!"

गेनू काठावर उभा राहिला. "तात्या, आधी हात वर करा."

"अरे हात सुटला तर मी जाईन!"

"हात वर केल्याशिवाय मला ऐकायची परवानगी नाही."

तात्यानं शिवी देण्यासाठी हात वर केला. बुडुक झालं. गेनू म्हणाला, "हां, आता बोला!" दुसऱ्यांनी तात्याला बाहेर काढलं. तात्या बोलला, ते इथं लिहिता येत नाही.

बुधवारी गेनूनं विचारलं, "बाई, पोरांची तोंडं दिसत नाहीत. नुसतं नाव दिसतंय. काय करू?"

बाई घाईत होत्या. "नाव दिसतंय ना? मग हजर मांड. तोंड कशाला हवं?"

"बरं बाई."

गुरुवारी पोरांतली धाकटी छबी आजोबांच्या फोनवरूनही आली आणि बापाच्या फोनवरूनही. आवाज घुमायला लागला. बाई वैतागल्या. "एका नावाचे दोन दिसले की मागून आलेल्याला बाहेर काढ. तेव्हाच वर्ग नीट चालतो."

"बरं बाई." हे मात्र गेनूनं पक्कं पाठ केलं.

शनिवार उजाडला. एकवीस पोरं तेल लावून, भांग पाडून सातलाच शाळेत हजर. साहेब नऊला येणार होते. दहा वाजले. बारा वाजले. पोरांची तोंडं उतरली. छबी रडायला लागली. "गेनूकाका, भूक लागली."

गेनूला राहवेना. त्याला बाईंचं वाक्य आठवलं. "आपापलं नाव पाटीवर लिहा. पाटी जाग्यावर ठेवा. आणि जा, पोटभर जेवून या."

पोरं पळाली. तेवढ्यात साहेबांची जीप आली, जीपमध्ये कुलथे बाई. साहेबांनी वर्ग बघितला. एकवीस पाट्या ओळीनं बसलेल्या.

"पोरं कुठायत?"

"ही काय साहेब. सगळी हजर."

"ह्या पाट्या आहेत!"

"नावं दिसतायत ना? तोंडं कशाला हवीत?"

बाईंनी कपाळाला हात लावला आणि पालकांना फोन करायला त्या मागच्या खिडकीशी धावल्या. तिथंच काय ती रेंज यायची. साहेब खुर्चीत बसले, घड्याळ काढलं. "दहा मिनिटं. त्यात एकवीस पोरं दिसली, तर शाळा वाचली."

दादाची शाळा वाचणार! गेनू फाटकाशी धावला. जीप बघून पोरं आधीच उधळत येत होती. कुणाच्या हातात भाकरी, कुणाच्या गालाला भात. गेनूनं बोटावर मोजली. एकवीस! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यानं वर्गाकडे बघितलं. पाट्या बघितल्या. पुन्हा पोरं बघितली. सगळी नावं दोनदा!

"थांबा!" तो ओरडला. "तुम्ही सगळे मागून आलात."

"काका, आम्हीच आहोत!" छबी म्हणाली.

"आत तुमची नावं बसलीत बाळांनो. तुम्ही आलात तर वर्ग बिघडेल. साहेब बघतायत. जा, पळा घरी!"

पोरांचा गेनूकाकावर फार जीव. ती मुकाट्यानं वळली. सगळ्यात शेवटी छबी गेली. गेनूनं फाटक लावलं, कडी घातली, आणि कुणी चुकून आत येऊ नये म्हणून दहा मिनिटं संपेपर्यंत फाटकाला पाठ लावून घट्ट उभा राहिला.