काळ्या कापडाखालचं ऊन

राजेसाहेबांचा मागचा फोटो काळा निघाला, तेव्हा फोटोग्राफरचा कॅमेरा विहिरीत गेला होता आणि फोटोग्राफर कोठडीत. आता पाळी तारळकरांची. त्यांनी जुन्या बाजारातून घेतलेलं स्वस्त लाइट मीटर बाहेर काढलं.

"हे भंगार ठेवा! उजेड आमच्या विलायती मीटरनेच मोजा," राजेसाहेब गरजले. "ते कधी चुकतं का, दिवाणजी?"

"छे छे, सरकार!"

तारळकरांनी विलायती मीटर हातात घेतलं. दालनात अंधूक उजेड होता, पण काटा भर उन्हावर अडकलेला. बिघडलंय म्हणावं तर कोठडी, त्याचं ऐकून कॅमेऱ्यात कमी उजेड घ्यावा तर फोटो पुन्हा काळा.

त्यांनी दोन्ही मीटरं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली धरली. "सरकारांनी जरा आत डोकावावं."

राजेसाहेब वाकले. स्वस्त मीटरचा काटा पार खाली गेला होता. विलायती काटा जागचा हललाही नव्हता.

"आपलं मीटर दरबारात वाढलंय, सरकार. अंधारातही ऊनच सांगतं. माझं बाजारातलं, त्याला अजून रीतभात नाही."

राजेसाहेबांनी कापडातून डोकं काढलं.

"बाजारातलंच वापरा," ते म्हणाले. "आणि दिवाणजी, तुम्ही फोटोत नकोत."