नदीवेशीतला पिंपळ

“…आणि पाप नाहीच, तर माणसं त्याला हात का लावत नाहीत, बुवा?”

विचारणारा नगरपालिकेचा मुख्याधिकारी होता, अमोघ देऊळगावकर. ज्यांना विचारलं ते सोमगिरीबुवा मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते.

“कशाला हात लावत नाहीत?”

“नदीवेशीच्या कमानीत पिंपळ उगवलाय. मनगटाएवढा झालाय! मुळानं कमानीचा मधला दगड सरकायला लागलाय. उद्या पाहणी समिती येणार. पिंपळ तिथंच दिसला, तर वेस धोकादायक ठरवून पाडायला सांगतील. मी ती वाचवायला वर्षभर धावतोय. आणि एक मजूर तो उपटायला तयार नाही. वंश बुडतो म्हणे!”

“मग माझं काय काम?”

“तुम्ही एकदा सांगा, पाप नाही म्हणून. तुमचं ऐकतील.”

“तुझी खात्री आहे?”

“शंभर टक्के. निव्वळ अंधश्रद्धा आहे ही.”

बुवांनी उरलेल्या शेंगा झोळीत टाकल्या आणि चपला शोधू लागले.

“मग अडलंय कुठं? चल!”

साहेबांना वाटलं, काम फत्ते. वाटेत त्यांनी बुवांना वेशीचा सगळा इतिहास ऐकवला. बुवांचा जन्म त्या वेशीजवळच झाला होता, पण त्यांनी तो ऐकून घेतला.

वेशीपाशी निम्मं गाव जमलं होतं. मजूर हाताची घडी घालून उभे होते. शिडी कमानीला लावलेली, वर मात्र कुणी नाही.

बुवांनी जाऊन शिडी घट्ट धरली.

“चढ.”

“मी?”

“पाप नाही ना?”

आता एवढ्या लोकांसमोर मागं कसं फिरणार? साहेब चढले. चढता चढता वारसा आणि विज्ञान यांवर दोन वाक्यंही बोलून घेतली. वर पोचले, पिंपळाच्या खोडाला हात घातला…

कोवळी तांबूस पानं त्यांच्या तोंडाशी सळसळत होती.

हात तिथंच राहिला.

“ओढ की,” खालून बुवा म्हणाले.

“बुवा…”

“काय झालं?”

“आई दर शनिवारी पिंपळाला पाणी घालायची. मी तिचा पदर धरून मागं मागं फिरायचो.” साहेबांचा आवाज पार खाली आला. “हात धजत नाही हो.”

लोकांना वाटलं, आता साहेबांची चांगलीच फजिती होणार. पण बुवांनी खणखणीत टाळी वाजवली. म्हातारा आनंदानं लाल झाला होता.

“आत्ता कुठं गावात आलास! आता त्याला विचार.”

“कुणाला?”

“ज्याला उठवायचंय त्याला. दारात आलेल्याला हाकलून देतात होय? त्याला जागा दाखवायची असते.”

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. मग शिडीवर तोल सांभाळत हात जोडले आणि काहीतरी पुटपुटले.

“गावाला ऐकू येऊ दे!”

“देवा, जागा चुकली तुमची! आमची वेस पडेल. दुसरीकडे चला!”



मग गजरा कासार पुढं आली. तिचं बांगड्यांचं दुकान वेशीला लागूनच होतं.

“माझ्या परसात लावा! नदीपर्यंत मोकळी जागा आहे.”

“तुझ्या परसात का?” गर्दीतून एकजण ओरडला. “आमच्या आळीत पार रिकामा पडलाय!”

झालं! सकाळपासून ज्याला कुणी शिवत नव्हतं, त्या पिंपळावरून तिथं भांडण जुंपलं. भांडता भांडताच दोन गवंडी शिडीवर चढले. कुणीतरी ताशा आणला. एकजण सांध्यातला चुना कोरत होता, दुसरा मूळ मोकळं करत होता, आणि साहेब शर्टाच्या बाह्या सरसावून नखांनी माती उकरत होते. बोटं सोलवटली, पण त्यांना त्याचं भानच नव्हतं. खालून माणसं ओरडत होती, “हळू! मूळ तुटेल!”

तुटलं नाही. हातभर लांब मूळ सबंध बाहेर आलं, तेव्हा जी आरोळी उठली ती नदीपलीकडं गेली असेल.

शेवटी गजराच्या परसाचं ठरलं आणि पिंपळ टोपलीत बसला. टोपली गजराच्या डोक्यावर, पुढं ताशा, मागं गाव. इकडं गवंड्यांनी कमानीचा दगड ठोकून जागेवर बसवला आणि सांधे ताज्या चुन्यानं भरले. मुख्याधिकारी ताशापुढं नाचले. खरंच नाचले, आणि वाईट नाचले.

घामानं चिंब होऊन ते बुवांकडं धावत आले.

“वाचली, बुवा! वेस वाचली! आता शंभर वर्षं काळजी नाही. उद्या समितीसमोरच फलक लावतो, ‘संवर्धन पूर्ण’ म्हणून!”

बुवा कमानीकडं पाहत होते.

वर एक साळुंकी येऊन बसली. तिनं दगडाला चोच पुसली, शेपटी हलवली आणि उडून गेली. तिची शीट नेमकी साहेबांच्या खांद्यावर पडली.

“शुभशकुन!” म्हणत साहेब हसत रुमाल काढू लागले.

बुवांनी त्यांचा हात धरला. खांद्यावरच्या शिटेत पिंपळाचे बारीक दाणे होते. बुवांनी त्यातला एक बोटाच्या टोकावर घेऊन साहेबांच्या डोळ्यांसमोर धरला.

साहेबांचं हसू थांबलं. ते दाण्याकडं बघत राहिले, मग वर कमानीकडं…

मजूर शिडी काढून गाडीत घालत होते.

बुवांनी त्यांना हाक मारली, “शिडी राहू द्या रे इथंच.”