तोंड फिरवणारी खार

एकदा काय झालं, नदीपलीकडच्या राज्यात दोन चितारणी राहत होत्या. एक सगुणा आणि एक भिवरा. शेजारी शेजारी घरं, मध्ये एकच भिंत. सगुणा रेघ ओढायची, भिवरा रंग भरायची. सगुणाची रेघ अशी, की खार काढली तर वाटावं, आता कागदावरून उडी मारणार. भिवराचा रंग असा, की पेरू काढला तर त्यावर माशा बसाव्यात.

त्यांच्या कामाची एक रीत होती बरं का. चित्र पुरं झालं तरी डोळे काढायचे नाहीत. डोळे सगळ्यांत शेवटी, आणि तेही दोघींनी मिळून. डावा सगुणानं, उजवा भिवरानं. का? तर डोळा काढताना काढणारीच्या मनात जे असेल, तेच ते चित्र जन्मभर करणार. म्हणून आधी एकमेकींकडे बघायचं, हसायचं आणि मग ठिपका द्यायचा.

त्या राज्याच्या राणीला दोन जुळी मुलं होती. एक लाडू असला तरी भांडायची आणि शंभर असले तरी भांडायची. राणी अगदी कंटाळली. तिनं चितारणींच्या गावी निरोप धाडला, "मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करा. मैत्री कशी करावी, वाटून कसं खावं, ते त्यात दिसू द्या."

मग दोघी कामाला बसल्या. थंडी आली, थंडी गेली. पहिल्या पानावर खार झाली, तिच्या हातात भुईमुगाची शेंग आणि समोर उंदीर. दुसऱ्या पानावर पोपट झाला, चोचीत पेरूची फोड आणि समोर मैना. तिसऱ्या पानावर अस्वल झालं, पुढ्यात मधाचं पोळं आणि शेजारी साळिंदर. राहिले फक्त डोळे.

भिवरा म्हणाली, "सगुणे, काळा रंग संपला गं. तेल्याकडून दिव्याची काजळी घेऊन येते. तोवर हात लावू नकोस हं, तुला धीर म्हणून नाही."

"जा गं, मोठी आली सांगणारी!" सगुणा हसली.

भिवरा गेली आणि इकडे दारात पालखी आली. एकच पालखी. कारभारी म्हणाला, "पुस्तकवाली चितारीण कोण? चला, राणीसाहेब वाट बघताहेत."

"आम्ही दोघी आहोत."

"पालखी एक, शालू एक. दोघींचं मला कुणी बोललं नाही, बाई. येताय, की रिकामी नेऊ?"

आता सगुणानं थांबा म्हणायचं होतं. घटकाभराचा तर प्रश्न होता. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण मनात आलं, रेघ तर माझीच. रंग काय, कुणीही भरतं. असं मनात आलं आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. लाज वाटली, पण हात काही थांबला नाही. तिनं तव्याच्या बुडाची काजळी खरवडली, तेलात कालवली आणि तिन्ही पानांवरचे सगळे डोळे एकटीनं भराभरा उघडले.

मग पालखी निघाली. वाटेत कोण? भिवरा. डोक्यावर ऊन, हातात काजळीची पुडी. पालखीला वाट द्यायला ती बाभळीखाली उभी राहिली होती. सगुणानं पडद्याच्या फटीतून तिला पाहिलं. आणि पडदा नीट ओढून घेतला.

राणीनं विचारलं, "हे सगळं तू एकटीनं केलंस?"

"होय, राणीसाहेब."

मुलांनी पहिलं पान उघडलं. खारीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि शेंग गालात कोंबली! दुसरं पान उघडलं. पोपटानं मैनेकडे पाठ केली आणि पेरू मटकावला. तिसरं पान उघडलं. अस्वल तर चक्क मधाच्या पोळ्यावरच बसलं!

जुळ्यांनी टाळ्या पिटल्या. "बघ, खार पण देत नाही! मी पण देणार नाही, जा!" आणि त्या पुस्तकावरूनच दोघांची झोंबाझोंबी सुरू झाली.

राणी म्हणाली, "बाई, हे शिकायला माझ्या मुलांना पुस्तक कशाला हवं होतं? ने परत. सात दिवसांत नीट करून आण."

सगुणानं घरी येऊन दार लावून घेतलं. एकदा ओल्या फडक्यानं डोळे पुसले आणि नवे काढले. खारीचा गाल फुगलेलाच. एकदा वर पांढरा रंग देऊन काढले. गाल फुगलेलाच. एकदा देवापुढे बसून काढले. तरी गाल फुगलेलाच. सातव्या दिवशी ती भिवराच्या दारात उभी राहिली.

भिवरा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पालखी छान होती."

"तू मला पाहिलंस?"

"पडदा पाहिला. हलला तो."

"मी थांबवणार होते गं..."

"नव्हतीस. आण ते पुस्तक."

"भिवरे, रागावली नाहीस ना?"

"पोरांचं पुस्तक आहे. पोरांनी काय वाईट केलंय?"

मग भिवरानं उजवे डोळे पुसले. कुंचला काजळीत बुडवला. सगुणा रीतीप्रमाणे तिच्याकडे बघून हसली. हसली आणि तशीच थांबली. भिवराची नजर कागदावरून उठलीच नाही. तिनं तीन पानांवर ठिपके दिले, फुंकर घातली आणि पुस्तक मिटून पुढे सरकवलं.

"भिवरे, उद्यापासून पुन्हा बसू या ना कामाला?"

भिवरा म्हणाली, "तुझी चाळणी राहिलीय माझ्याकडे. जाताना घेऊन जा."

राजवाड्यात पुस्तक पुन्हा उघडलं. आणि काय! खारीनं शेंग उंदराला दिली. दिली, पण तोंड फिरवून. पोपटानं फोड मैनेपुढे टाकली, डोळे मिटून. अस्वलानं पोळं पायानं साळिंदराकडे सरकवलं आणि आपण झाडाकडे बघत बसलं. जुळ्यांनी नीट पाहिलं. मग एकानं लाडू मोडला आणि अर्धा दुसऱ्याला दिला, खिडकीबाहेर बघत.

"वाटून खाल्लं हो!" राणी आनंदानं रडायलाच लागली.

तेव्हा सगुणानं खरं सांगून टाकलं, "राणीसाहेब, पुस्तक आम्ही दोघींनी केलं." राणीनं ताबडतोब दुसरी पालखी धाडली, दुसरा शालू धाडला. संध्याकाळी पालखी परत आली. शालूची घडी मोडली नव्हती.

मग त्या पुस्तकाच्या नकला झाल्या आणि घरोघर गेल्या. दिवे लागले की आया वाचायला बसत. मुलं विचारत, "आई, चित्रं कुणी काढली गं?" आया सांगत, "दोन जिवलग मैत्रिणी होत्या बाळा, त्यांनी." सगुणा आपल्या घरात बसून हे ऐकायची. भिंतीपलीकडे भिवराही ऐकत असेल. दोघींपैकी कुणी कधी उठून सांगितलं नाही, की असं नाही हो.

राणी सुखात राहिली, जुळी सुखात राहिली. त्या दोघीही आपापल्या घरी सुखातच राहिल्या म्हणायचं, दुसरं काय म्हणणार? चला, मिटा डोळे आता. गोधडी एकच आहे, पण दोघांना पुरते. आणि असं पाठीला पाठ लावून नाही, एकमेकांकडे तोंड करून झोपा.